डावी कड

तिसऱ्या रेल्वे गेटाच्या अलीकडे
दस्तगीर मुल्ल्यांचं दुकान.
पाटी कन्नडात, घासाघीस मराठीत,
शिव्या दोन्हींत,
आणि टायरवरचे आकडे कुणाच्याच बाजूचे नाहीत:
एकशे पन्नास, साठ, सतरा.

मी म्हटलं, असा टायर द्या
जो सोमवार ते शनिवार मला उद्यमबागेत नेईल-आणेल,
लेथचा कीस पडलेल्या गल्लीतून,
ट्रॉलीतून सांडलेल्या उसावरून,
आणि महिन्यातल्या एका रविवारी
कोल्हापूरपलीकडच्या ट्रॅकवर
गुडघा टेकवू देईल.

ते हसले नाहीत.
"तसला कुठं असतोय, घाडीबाई?
ट्रॅकचं रबर सकाळी दगड.
तुमच्या कारखान्यापत्तोर तापत न्हाई,
तापल्याबिगर धरत न्हाई.
रोडचा घेतलासा तर पळतोय वीस हजार,
पण चौथ्या फेरीला त्याचं तूप होतंय."

मग उकिडवे बसले माझ्या मागच्या चाकापाशी,
आणि ज्या बोटानं हिशेब लिहितात
ते बोट कडेवरून फिरवलं.

"उजवीकडं एक बोट रबर कोरं.
डावीकडं अडीच."
बोट तिथंच ठेवून वर बघितलं:
"डावीकडं पडलेलासा. कुठं?"

मी कुणालाच सांगितलं नव्हतं.
जांबोटीच्या पुढं, चोर्ल्याच्या अलीकडचं ते वळण.
लाल मातीचा पातळ थर.
धुकं नव्हतं, घाई नव्हती,
सबब म्हणून काहीच नव्हतं.
कोपराला सात टाके.
घरी सांगितलं, मशीनवर लागलं.
तेव्हापासून डावी वळणं मी
सासरच्या खुर्चीत बसल्यासारखी घेते,
ताठ.

दोन वर्षं माझं गुपित
अडीच बोटं रुंद,
गोगटे सर्कलच्या सिग्नलला
सगळ्यांसमोर उभं राहत होतं.

दस्तगीरभाईंनी दुसरं काही विचारलं नाही.
आतून एक टायर गडगडत आणला.
"मधी कडक, कडेला मऊ.
सरळ रस्त्याला झिजत न्हाई, वाकलासा की चिकटतोय.
तडजोडच हाय, पर शहाणी.
नऊ हजार चारशे.
आता कड वापरायचीच नसली
तर पैसे कशाला घालता? हा घ्या,
दोन हजारानं स्वस्त."

स्वस्त टायर मी फिरवून बघितला.
कडेला चार आकडे: चौदा, एकवीस.
एकवीस सालचा चौदावा आठवडा.
एवढी वर्षं गोडाऊनच्या पत्र्याखाली उकडत पडलेलं रबर.
परत ठेवला.
"बघायला येतंय की तुमास्नी," म्हणाले,
"लोकं कुंदा कधीचा इचारत्यात,
टायर कधीचा कोण इचारत न्हाई."

चार रविवारचा ओव्हरटाइम मोजून दिला.
त्यांनी चाक बसवलं, हवा भरली, सुनावलं:
"रोडला तेहतीस. ट्रॅकला अठ्ठावीस,
आणि येताना परत भरा, ध्यानात ठेवा.
पयले शंभर किलोमीटर भरवसा टाकू नका.
साच्याचं तेल असतंय अंगावर.
नवीन कायबी लगेच धरत न्हाई."

नव्या टायरला केस असतात,
रबराचे, बारीक,
लहान पोराच्या कानावर असतात तसे.
पहिली शंभर मी गावातच काढली,
सांबऱ्यापर्यंत, परत, पुन्हा सांबऱ्यापर्यंत.
मग रविवारी सहाला जांबोटी. चहा.
दुसरा चहा, नको असताना.

वळणावर माती तशीच होती.
नजर लांब टाकली, जिथून रस्ता बाहेर पडतो तिथं.
खांदा आधी गेला, गाडी मागून.
खुर्ची नव्हती. एवढंच सांगता येईल.
खूप वाकले असं नाही.

घरी जिन्याखाली गाडी लावून
मोबाइलच्या उजेडात केस मोजले.
उजव्या कडेला एकही नाही.
डावीकडं अकरा.

असू देत.
ट्रॅकला एका फेरीत
डावी वळणं सहा आहेत.