उघाडी

वाशीच्या धारण तलावावर रात्रपाळी.
टेबल, स्टूल, भरतीचं वेळापत्रक,
डब्यात भाकरी, आणि कागदाच्या पुडीत
तीन चमचे साखर.
भाकरी कुणालाही देईन. पुडी नाही.

हे शहर भरतीच्या पातळीखाली वसलंय
असं सांगितलं की सोसायटीतले लोक हसतात.
नाल्याचं पाणी तळ्यात येतं, थांबतं,
ओहोटी लागली की खाडीत उतरतं.
मध्ये लोखंडी झडपा.
खाडी चढली की तिचंच पाणी त्यांना रेटून मिटवतं.
बटण नाही, साहेबाची सही नाही.
बाप माझा खाजणात अशीच एक उघाडी राखायचा,
लाकडी फळीची. म्हणायचा,
फळी शहाणी असते रे, फक्त गाळापुढं तिचं चालत नाही.

गाळ आता इथंही कमरेएवढा.
तळ्यात तिवरं उगवलीत, त्यांना हात लावायचा नाही.
झडप पुरती मिटत नाही,
फटीतून खारं पाणी आत येत राहतं
आवाज न करता.

बावीस वर्षं सुई टोचतोय मी पोटात.
आधी साखर उतरली की अंग आरडाओरडा करायचं:
ओठ बधिर, मानेवरून घाम,
हाताला असा कंप
की नोंदवहीतल्या १ चा ९ व्हायचा.
वैतागायचो. शिव्या घालायचो त्या कंपाला.
मग पुडी, पाणी, पंधरा मिनिटं,
आणि टेबल पुन्हा चौकोनी.

आता चोपन्नावर येतो तरी काही नाही.
उलट बरं वाटतं, गार, हलकं.
गेल्या चैत्रात वहीत लिहिलं होतं:
२.१० भरती पूर्ण
२.२० भरती पूर्ण
२.३० भर
आणि पुढे एक रेघ, पान सोडून टेबलावर गेलेली.

तांडेल डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
रोज ओरडावं लागलं की शरीर गप्प बसायला शिकतं.
काही आठवडे साखर खाली जाऊच दिली नाही
तर हाक परत येते. बहुतेक वेळा.
ते 'बहुतेक' मी खिशात घालून घरी आणलं.

तोवर शेवंती.
घरी असलो की झोपेतच
पालथा हात माझ्या मानेवर ठेवते,
कोरडी की ओली, बघते, आणि कूस बदलते.
पाळीवर असलो की दोनला फोन.
कसे आहात विचारत नाही. गावं म्हणायला लावते:
दिवा, राबाडे, गोठिवली, घणसोली,
कोपरखैरणे, जुहूगाव, वाशी.
घणसोली गाळली की म्हणते, पुडी उघडा.
घणसोली तिचं माहेर.
शुद्धीत असताना ते गाळायची माझी हिंमत नाही.

आज मार्गशीर्षाची अमावस्या, मोठं उधाण.
खाडी काठोकाठ येऊन माघारी फिरली,
झडपा कुरकुरत उघडल्या.
एक चाळीसला पेन थरथरलं.
पंपामुळे असेल म्हटलं. पंप बंद होता.
मानेला हात लावला.
या थंडीत
ओली.

बोट टोचलं: एकसष्ट.
पुडी तोंडात रिकामी केली, आणि दोनची वाट न बघता
मीच फोन लावला.
"शेवंते, घाम आला!"
पोरगं झाल्याची बातमी द्यावी तसा ओरडलो असेन,
कारण वॉचमन धावत आला.

पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग नाक ओढल्याचा आवाज.
मग,
"साखर नीट चघळा आधी.
आणि गावं म्हणा."