बाजूचा

दीड वाजता खाण हादरते.
कॉफीवर एक वर्तुळ उठतं, मावळतं.
किरुनात ह्या धक्क्यानं कुणी जागं होत नाही.
गाव सरकवलं, चर्च सरकवलं,
झोप तेवढी जागच्या जागी.

मी दुसऱ्या धक्क्याची वाट बघतेय,
नव्वद हजार किलोमीटर दूर, सूर्याच्या बाजूला.
वारा म्हणायचं त्याला, पण त्यात हवा नाही;
साखरेच्या ठोकळ्याएवढ्या जागेत पाच प्रोटॉन, फार तर सहा.
एकमेकांवर आदळायला
सूर्यापासून इथवरची वाट पुरत नाही त्यांना.
तरी पृथ्वी पुढ्यात आली की
सगळे एकदम अडखळतात.

कशाला?
टोरवाल्डला विचारलं होतं पहिल्या वर्षी.
त्यानं फळ्यावर तीन समीकरणं लिहिली,
चौथं अर्धवट सोडलं,
बसची वेळ झाली म्हणाला.

मग जुलैत, पाडसांचे कान खुणावताना,
मध्यरात्रीच्या उन्हात
दोन हजार रेनडिअर कुंपणात धावत आले.
हेइक्कामामानं नुसता हात वर केला.
कुणी कुणाला शिवलं नाही.
पुढचे वळले,
काही तर उलटे, येणाऱ्यांच्याच अंगावर निघाले,
आणि अख्खा कळप गरगर फिरू लागला,
डावीकडून, वाफाळत, खुरांच्या कटकटीत.
मागच्यांना तर तुझा हात दिसलाच नाही, मी म्हटलं.
त्यांना काय दिसलं?
मामा म्हणाला, "बाजूचा."

एक बावन्न.
आलेख थरथरतो, तिप्पट चढतो.
वेग कोसळतो, ताप वाढतो.
"हद्द ओलांडली", मी वहीत लिहिते.
सात मिनिटांनी यान पुन्हा बाहेर.
खोडत नाही. खाली परत लिहिते.
तीन वाजेपर्यंत पाच वेळा.
यान बिचारं आपल्या वाटेनं चाललंय,
हद्दच मागंपुढं होतेय,
वारा रेटेल तशी.

सकाळी आईला दुकानात न्यायचंय.
जुन्या रस्त्यानंच जाऊ म्हणेल ती.
आमचं घर होतं तिथवर आता जाता येत नाही,
खाणीचं कुंपण दर उन्हाळ्यात काही पावलं अलीकडे येतं.
पण ती कुंपणाच्याही आधीच थांबते,
दर वेळी त्याच जागी,
हातात पिशवी, समोर नुसता बर्फ.

मीही थांबते.
ती थांबली म्हणून.