टोपण

मामा वेल्ह्याहून पहिल्या एस.टी.नं आला
आणि म्हणाला, तू नेमबाज, तूच निवड.
त्याला किती वेळा सांगितलंय,
बालेवाडीला आमच्या खेळात दुर्बीण चालत नाही.
एक भोक, पुढं एक कडं, त्याच्यापुढं काळा ठिपका,
बाकी सगळं श्वासावर.
"पण डोळा तर तयार आहे ना," म्हणाला.

ईस्ट स्ट्रीटच्या मागं, गल्लीत,
हकीमुद्दीनभाईंचं दुकान: दार अर्धं, जाळी पूर्ण.
त्यांनी आधी परवाना पाहिला, मग वनखात्याचं पत्र,
मग मामाच्या उजव्या भुवईवरची अर्धगोल खूण.
"तीनशे पंधरा?"
मामा ओशाळा हसला.
दुर्बीण उसनी होती, डोळा फार जवळ,
पहिल्याच बाराला कडा कपाळात रुतली.
भाईंनी काचेपासून हवेत चार बोटं मोजली:
"डोळा आणि काच, दोघांत एवढी अदब पाहिजे."

हिरव्या फडक्यावर तीन नळ्या.
एक चार पटीची, साधी, मुकी.
एक तीनपासून नऊपर्यंत, फिरत्या कड्याची.
तिसरीत लाल ठिपका पेटायचा.
मामाला तीच आवडली,
मला गणपतीच्या आराशीतली वाटली.
समोरच्या इमारतीवर एक बंद घड्याळ आहे, तीन वाजलेलं.
नळी टेकवून ठेवली आणि डोळा जरा डावीकडं नेला.
फुली तीनवरून चारवर घसरली.
आरास बाद.

उरलेल्या दोघींत मला फरकच दिसेना.
"दिसणार नाही," भाई म्हणाले.
"दुपारी सगळ्याच काचा चांगल्या.
डुक्कर काय बाराला येतं? दिवेलागणीला बघा."

मग बाकावर बसलो. पंख्याचा आवाज.
मामा भुईमुगाबद्दल एक शब्द बोलला नाही.
म्हणाला, कार्तिकात मादी होती,
पोटात लागली,
करवंदीत घुसली.
रात्रभर बॅटरी घेऊन रक्तामागं चाललो.
फटफटताना ओढ्यात सापडली. श्वास चालू होता.
पिल्लं लांब उभी होती गं.
मग म्हणाला, पाणी आहे का तुझ्याकडं?
माझी अख्खी बाटली संपवली.

उजेड उतरला. रस्त्यावरचे दिवे अजून लागायचे होते.
चार पटीच्या नळीत समोरची पाटी
राखेत कालवल्यासारखी झाली.
दुसरी उचलली. कडं सहावर.
तिसऱ्या मजल्याच्या गच्चीत मॅक्सी घातलेली बाई
वाळलेले कपडे काढत होती.
दातांत चिमटा. निळा.
निळा आहे हेसुद्धा दिसलं.
फुली तिच्या गळ्यापाशी येऊन
शांत उभी राहिली.

माझ्या हातात नुसती नळी.
रायफल वेल्ह्यात, गोळ्या आत कपाटात कुलूपबंद.
आणि माझं बोट वाकलं.

अकरा वर्षांची सवय, दुसरं काही नाही.
चित्र स्थिरावलं की बोट मला विचारत नाही,
प्रशिक्षकांनी त्याला तेच तर शिकवलंय.
मी नळी खाली घेतली.
बाईनं चादर झटकली,
तिचा आवाज गल्ली ओलांडून
जरा उशिरा आला.

"नीट दिसतंय का?" मामा.
"दिसतंय."
"मग हीच."
मी म्हटलं, महाग आहे, दुपटीहून जास्त.
तो बंडीच्या आतल्या खिशातून पाकीट काढत होता.
"शोधत फिरण्यापेक्षा स्वस्त," म्हणाला,
आणि नोटा दोनदा मोजल्या.

स्वारगेटला गाडीत चढला तेव्हा
खोका मांडीवर, सुतळीनं बांधलेला,
शेजारच्या माणसाला वाटलं मिठाई.
घरी येऊन खिसा उलटा केला
तर काचेवरचं काळं टोपण माझ्याकडंच.
फोन लावला. गाडी नसरापूरच्या पुढं होती,
अर्धे शब्द डोंगरानं खाल्ले.
"राहू दे. फडकं बांधीन."

पाठवू म्हणता म्हणता पाठवलं नाही.
टेबलावर आहे, त्यात टाचण्या ठेवते.
एकदा रिकामं करून डोळ्याला लावून पाहिलं:
रबराचा वास
आणि काहीच नाही.