कडता

रबाळ्याच्या एमआयडीसीत, नाल्याच्या वळणावर
आमचा वजनकाटा.
बाहेर साठ टनी पूल, आत केबिनमध्ये मी
आणि हा डेस्कटॉप.
गाडी चढते, आकडा थरथरतो, थांबतो,
आणि मग हा विचारात पडतो.
पावती निघेस्तोवर ड्रायव्हर तंबाखू मळतो,
थुंकतो, दुसरी मळायला घेतो.
"बाई, ह्याच्यातपण ओव्हरलोड भरलाय काय?"

मालक म्हणतात, नवा घेऊ दिवाळीनंतर.
कुठल्या, ते सांगत नाहीत.

आज अडीचनंतर गाडीच नाही.
शिरले कंट्रोल पॅनलमध्ये,
सासरच्या माळ्यावर चढावं तशी,
काही पडलं तर नाव माझं.
पॉवर ऑप्शन्स. तीन गोल, एकात ठिपका:
बॅलन्स्ड.
हसूच आलं. काट्यावर बसून दुसरं काय असणार!

पण खाली, बारीक अक्षरांत,
एका अधिकच्या चिन्हामागे दुसरं उघडत
प्रोसेसरपाशी पोचले.
जास्तीत जास्त: पन्नास टक्के.

तीन वर्षं आम्ही ह्याला शिव्या घातल्या,
आणि हा अर्ध्या पोटी राबत होता.

मग आठवलं. तो मे महिना.
डब्यातला पंखा गेलेला,
दर अर्ध्या तासाला हा तापून बंद,
रांग पार सिग्नलपर्यंत.
आणि दिवसपाळीचा पुंडलिक वैती
पावती बुकाच्या पुठ्ठ्यानं ह्याला वारा घालत बसलेला,
तापातल्या पोराला घालावा तसा.
संध्याकाळी चावी देताना म्हणाला,
"केलंय कायतरी. हळू चालंल, पन मरनार नाय."

पुढे पंखा बदलला.
पुंडलिक काम सोडून सारसोळ्याला गेला,
जाळी विणतो म्हणे.
पन्नास तसेच राहिले.

शंभर टाइप केलं.
डबा घुमला, टेबलावरची टाचणी सरकली.
तेवढ्यात भंगाराची गाडी आली,
आणि ड्रायव्हरच्या तळहातावर चुना पडायच्या आत
पावती बाहेर.
दुसऱ्याचीच असावी तशी
त्यानं ती उलटसुलट पाहिली.
मीही त्याला, कुठून आलात, विचारायची राहिले.

तो उतरल्यावर परत आत गेले,
शंभराचे नव्वद केले.
ओल्या मालाला धरतात तसा
दहा टक्के कडता.
फेब्रुवारी संपतच आलाय.

पुंडलिकला फोन करायचा का,
ते उजाडल्यावर बघू.