कंपनीचा मैल

ओगलालाला, धान्याच्या कोठारामागे
माझं घर आहे
असं लायसन्सवर लिहिलंय.

आज सोळावा दिवस.
कॅन्ससमधल्या या मांसाच्या कारखान्यात
दुपारी दोनला नंबर लावला, आता रात्रीचे नऊ.
बेचाळीसाव्या धक्क्याला पाठ टेकून ट्रेलर उभा आहे,
समोर लाल दिवा.
चाकं फिरली तर पैसे.
थांबली तर तो तुझा वेळ, व्हर्जिल,
असं केंडल म्हणते.
केंडल माझी यंदाची पाचवी मॅनेजर,
आवाजावरून बाविशीची.
ट्रकची पायरी ती कधी चढलेली नाही,
पण माझे चौदा तास तिच्या पडद्यावर सांडत असतात
आणि तिला ते दिसतात.
"अजून तिथंच?"

काचेवर एक डोळा बसवलाय. आत बघणारा.
मार्चमध्ये प्लॅट नदीकाठी
हजारो क्रौंच एकदम उठले,
शेतच उठून चालल्यासारखे,
आणि मी मान वळवली.
डोळा कोकलला: लक्ष विचलित, तीन सेकंद.
शिक्षा म्हणून वीस मिनिटांची फिल्म,
खाली प्रश्न: रस्ता महत्त्वाचा की दृश्य?
मी योग्य उत्तर दिलं.

माझा बाप त्याच कोठारात काट्यावर होता.
गाडी वजनाला उभी राहिली
की मालकाला आधी खाली उतरवायचा, कुत्र्यासकट.
मापात पाप नको, एवढंच त्याचं बायबल.
बाबा, इथं काटा दिसतच नाही.
कंपनीचा मैल नकाशावर मोजतात,
या गावच्या पोस्टापासून त्या गावच्या पोस्टापर्यंत.
त्यात वळसे नाहीत, बंद पूल नाहीत,
वायोमिंगचा वारा नाही,
जागा शोधत घातलेल्या चकरा नाहीत.
तो मैल धुतल्यावर आटलेल्या सदऱ्यासारखा.
मी वहीत दोन रकाने ठेवलेत:
कंपनीचे. पदरचे.

गेल्या आठवड्यात घरी खोकं आलं.
लव्हॉननं फोनवर उघडून दाखवलं:
पितळी बक्कल, दहा लाख मैल विनाअपघात,
व्हर्जिल कोस्टा.
कोस्तका, मी म्हटलं.
"पट्टा मात्र पाठवलेला नाही," ती म्हणाली,
आणि आम्ही दोघं हसलो, बरंच हसलो,
मग ती थांबली.
त्याच दिवशी पगाराचा कागदही आला होता.
ट्रकचा हप्ता, विमा, टायरचा फंड,
काचेवरच्या डोळ्याचं भाडं (हो, तेही माझ्याकडूनच).
तळाशी: उणे एकोणचाळीस डॉलर.
आठवडाभर राबून
मीच त्यांचं देणं लागत होतो.
सोडून दे, लव्हॉन म्हणाली.
सोडला तर ट्रक त्यांचा, भरलेले हप्ते त्यांचे.
माझं काय, तर बक्कल.

त्या रात्री वहीची बेरीज केली.
पदरचे: ब्याऐंशी हजार चारशे.
पृथ्वीला तीन प्रदक्षिणा घालून उरतात
एवढे मैल मी फुकट चाललो.
टेसाचे दात येताना, पडताना,
नवे येताना
मी बहुतेक त्याच मैलांवर असेन.

अकरा वाजून दहा. हिरवा.
घड्याळात पन्नास मिनिटं.
इथं थांबता येणार नाही, पहारेकरी म्हणाला,
तोही पाट्या टाकणारा, डोळे चुकवत.
पहिला ट्रकतळ गच्च. दुसरा गच्च.
बाराला पाच कमी असताना
एका उताराच्या कडेला, गवतात अर्धं चाक घालून
इंजिन बंद केलं.
वही काढली.
दिव्याखाली पदरच्या रकान्यात लिहिलं: नऊ.

बक्कल लव्हॉननं टपालानं पाठवलंय, मोज्यांबरोबर.
ते काढलं, बोटानं पुसलं,
आणि काचेवरच्या डोळ्यासमोर धरलं.
अगदी बेताचं बसत होतं.
एक.
दोन.
तीन सेकंद.

फोन थरथरला.
नाव नवीन होतं.