रीडिंग शून्य

पस्तीस वर्षं मी मीटर वाचले.
रावपुऱ्यात, वाडीत, दांडिया बाजारच्या जिन्यांखाली
टॉर्च दातांत धरून.
म्हणून सांगतो, शून्य मला नवीन नाही.

शून्य आलं की आम्ही तीन गोष्टी बघायचो:
घर बंद आहे का,
मीटर अडकलाय का,
की वायर दुसरीकडूनच टाकलीये.
चौथ्या कारणाला वहीत रकाना नव्हता.

डॉक्टर लोक गाठी फळांत मोजतात.
काखेत डिसेंबरात बोर, संक्रांतीला लिंबू,
होळीला मोसंबी. पुढचं फळ मजमुदारांनी सांगितलं नाही.
तुकडा तपासून कागदावर जे नाव आलं
ते मला म्हणता येईना. वैजयंतीनं ते पाठ केलं
पावकीसारखं, आणि फोनवर
नातेवाइकांना धडाधड म्हणून दाखवलं.
किडन्या आधीच थकलेल्या.
औषध दिलं तर औषधानंच जाल, मजमुदार म्हणाले.
सभ्य माणूस. खिडकीकडे बघून म्हणाले.

पाडव्यानंतर ताप आला. अकरा दिवस.
त्या अकरा दिवसांत मी काय केलं?
घाम पुसला. पंख्याची पाती मोजली, तीनच होती.
लाइट बिलाची तारीख वैजयंतीला आठवण करून दिली.
देवाचं नावसुद्धा, खरं सांगायचं तर,
नीट घेतलं नाही. जीभ कोरडी होती.

बाराव्या दिवशी शर्टाची बाही सरळ गेली.
काखेत काही अडलं नाही.
वैजयंतीनं हात लावून पाहिला,
मग दुसऱ्या काखेत पाहिला,
बाजू चुकली की काय म्हणून.

मजमुदारांनीही तीन गोष्टी बघितल्या.
काचपट्टी माझीच होती का. माझीच.
मशीन बरोबर होतं का. बरोबर.
मग खुर्ची पुढे ओढून, हळूच:
भस्म, काढा, दुसरीकडे कुठे काही?
नाही हो.
त्यांनी फाईल मिटली, परत उघडली,
आणि लिहिलं: तीन महिन्यांनी पुन्हा.

आता माणसं येतात.
चपला काढतात, पाणी नको म्हणतात,
“काका, शुं लीधुं?”
काही नाही घेतलं त्यांनी! वैजयंती आतून ओरडते.
कुणाला पटत नाही. शेजारच्या ठक्करनी तर
आमच्या कुंडीतली कोरफड रात्रीत कापून नेली.

इलाबेन बाकावर शेजारी बसायची.
तिनं सगळं केलं. सहा डोस, पथ्य, डाकोरचा नवस.
डबीत भिजवलेले सात बदाम,
त्यातले दोन मला.
ती मे महिन्यात गेली.
बेसण्याला मी पांढरा शर्ट घालून गेलो.
तिचा नवरा हात जोडून उभा होता
आणि माझ्या बाहीकडे बघत होता.

काल पादऱ्याहून एक बाप आला.
मुलीचं औषध सोमवारी सुरू व्हायचं होतं.
त्याला थांबायचं होतं. माझ्यासारखं.
मुलगी दारातच उभी, कानात वायर,
आमच्या मीटरकडे बघत.
मी म्हटलं, भाऊ, एका घराचं शून्य बघून
गल्लीचं बिल माफ होत नसतं.
त्याच बाकावरचे चौघे औषधानं घरी गेलेत,
त्यांच्याकडे कुणी चपला काढत नाही.
सोमवारी न्या तिला. साडेआठला रांग लागते, आठला पोचा.
डबा बरोबर ठेवा.
तो निराश झाला. पाणी मात्र पिऊन गेला.

संध्याकाळी काळाघोडाच्या पुलावर गर्दी.
विश्वामित्रीत मगर दिसली होती म्हणे.
मी पोचलो तेव्हा नुसतं हिरवट पाणी.
“गयो,” एक पोरगा म्हणाला,
आणि सगळे पांगले.
मी कठड्याशी जरा थांबलो.
हात काखेत गेला होता, तो काढला,
दहाच्या शेंगा घेतल्या,
आणि दिवेलागणीच्या आत घरी आलो.