कसं लागलं?

रविवारी सकाळी पंधरा-वीस जणांचा घोळका
गंगावेशीत येऊन थांबतो.
हातात सरनोबतांची कादंबरी, खुणेला बसचं तिकीट.
पुढं एक शिकलेला पोरगा. तो सांगतो :
"इथंच, या कट्ट्यावर, रामलिंग सरनोबत
रोज पहाटे धारोष्ण दूध प्यायचे."

मी म्हशीच्या आडोशाला उभा असतो.
बोलत नाही.
म्हैसपण बोलत नाही.

सरनोबतांनी त्या पेल्याला कधी ओठ लावला नाही.
त्यांना साखर होती, पोटात जखम होती,
खिशात डॉक्टरांनी लिहून दिलेलं
लांबच्या लांब 'नाही' होतं.
पेला दोन्ही तळव्यांत धरायचे,
फेसाजवळ नाक न्यायचे,
आणि मग माझ्यापुढं करायचे : "दस्तगीर, पी."

मी तेराचा. बाप छापखान्यात खिळे जुळवायचा,
त्यांचीच पानं.

"कसं लागलं?"
"चांगलं."
"चांगलं हा शब्द नव्हे, ढेकर आहे. परत सांग."

असा मी सांगायला शिकलो.
दूध म्हणजे म्हशीनं काल खाल्लेलं ऊन,
अजून विझलेलं नाही.
खासबागेत कुस्तीच्या दिवशी गोटी सोडा :
नाकातनं मुंग्यांची मिरवणूक.
मंगळवार पेठेच्या तालमीतली थंडाई,
आधी बदाम, मागनं मिरी,
मग वस्तादानं पाठ थोपटल्यागत गार.
आणि पांढरा रस्सा.
तो खायचा का प्यायचा हे बाहेरच्याला विचारू नका,
आम्ही वाटी तोंडाला लावतो.
लग्नातल्या कुणा अनोळखी बाईनं
गालावरनं हात फिरवावा
आणि हाताला लवंगेचा वास यावा, तसा.

ते वहीत उतरवायचे. निळी शाई.
मला चार आणे, वर पोट भरलेलं.
मी सकाळी बोललेलं
आठ-पंधरा दिवसांनी बाप शिशात जुळवायचा, उलटं,
आणि घरी येऊन म्हणायचा :
"माणूस काय लिहितो रे! जीभ हाय का काय!"
मी भाकरी मोडत राहायचो.

लक्ष्मीपुरीतल्या देशीच्या गुत्त्यात
त्यांनी मला पाठवलं नव्हतं, मीच गेलो.
मालकानं पायरीवरनंच हाकललं.
पायरीशी एक रिकामी बाटली होती, तिचं तोंड हुंगलं,
कोपऱ्यापर्यंत चालत येताना वाक्य जुळवलं :
तापल्या खिळ्यावर जीभ ठेवल्यागत,
आणि मग आई आठवती.
सरनोबतांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं.
लिहून घेतलं.
त्या एका वाक्यावर कुणीतरी प्रबंध केलाय म्हणतात.
लेखकानं स्वतः भोगलेलं आहे, असं त्यात आहे.

मी पुढं उद्यमनगरात गेलो, चाळीस वर्षं लेथवर.
तिथं मापाला मिलिमीटर पुरतो,
कसं लागलं कुणी विचारत नाही.
आता मलाही साखर आहे.

पण एक जागा त्या पोराच्या यादीत नाही.
वडणग्याच्या वाटेवरचं गुऱ्हाळ, त्यांचा शेवटचा हिवाळा.
मी सायकल मारत होतो, ते कॅरिअरवर,
एका हातात छत्री, ऊन नसताना.
काईल उकळत होती. गुळव्यानं
आलं-लिंबू पिळून रसाचा पेला दिला
आणि मी सवयीनं हात पुढं केला.

त्यांनी दिला नाही.
पाठ माझ्याकडं केली
आणि एका दमात संपवला,
चोरट्या पोरासारखा.

मी विचारलं. विचारायची पाळी माझी होती.
"कसं लागलं?"

चिपाडाच्या ढिगाकडं बघत राहिले.
एवढं बोलणारा माणूस, चार पुरस्कारांचा धनी,
शब्द शोधत होता, मला दिसत होतं.
मग म्हणाले,
"चांगलं."

परतताना सायकलची चेन पडली.
मी बसवत होतो, हात काळे,
आणि ते बांधावर उभे राहून
मिशीला लागलेलं चाटत होते.